कागद गेला, हाव उरली

दलाल स्ट्रीटवरचा गलका इतिहासजमा झाला. १९९२ च्या रोखे घोटाळ्याने बँकांच्या पोकळ पावत्या उघड्या पाडल्या. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचा संगणकी पडदा आला, १९९६ च्या कायद्याने डीमॅटची वाट खुली केली, २००१ मध्ये बदला बंद झाला. बनावट सर्टिफिकेटांची धास्ती सरली. पण सामान्य गुंतवणूकदार सुखी झाला काय? ‘सेबी’च्या २०२४ मधील पाहणीनुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत शेअरच्या वायदे-ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसा गमावला. पूर्वी सौद्यासाठी दलालाचा उंबरठा झिजवावा लागे. त्या खेपेत फेरविचाराला उसंत मिळे. आता बोट टेकवले की सौदा पक्का! बाजार वेगवान करणाऱ्यांनी ती उसंतही परत द्यायला हवी.