यंत्राचे उत्तर आणि मुलाचा श्वास

अँटॉप हिलच्या वस्तीत मध्यरात्री मूल तापाने फणफणले, की आज अनेक पालकांचा हात प्रथम मोबाइलकडे जातो. चॅटबॉट तत्काळ उत्तर देतो. परंतु ते अचूक असतेच असे नाही. न्यूयॉर्कमधील कोहेन बालरुग्णालयाच्या संशोधकांनी बालरोगांची 100 प्रकरणे चॅटजीपीटीपुढे मांडली. जानेवारी 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 83 निदाने चुकली. एका स्वमग्न मुलाचे पुरळ व सांधेदुखी 'क' जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होती. यंत्राला तो संबंध उमगला नाही.

ती प्रकरणे मुद्दाम निवडलेली, अवघड होती, हे मान्य. तरीही यंत्र आपण पुरवलेल्या माहितीवर विसंबते, आणि तान्हे मूल आपले दुखणे सांगू शकत नाही. श्वासागणिक आत ओढली जाणारी छाती डॉक्टरांच्या नजरेला दिसते. म्हणून झटके, ग्लानी, धाप किंवा दूध-पाणीही न घेणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा थेट शीव रुग्णालय वा परळचे वाडिया गाठावे. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ही चार लक्षणे घरोघरी समजावून सांगावीत, ही विनंती.