पंख स्वदेशी, इंजिन परदेशी!

मिग-२१ या लढाऊ विमानास २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. १९६३ साली हवाई दलात आलेले हे विमान बासष्ट वर्षे राबले. त्याचा पराक्रम निर्विवाद आहे. पण उत्तरकाळात अपघातांत त्याने अनेक तरुण वैमानिकांचे बळीही घेतले. त्यास इतका काळ उडवीत ठेवावे लागले, हा आमच्या दिरंगाईचा पुरावा होय. मंजूर स्क्वाड्रन ४२. निरोपानंतर उरल्या २९!

ही उणीव ‘तेजस’ने भरून काढावयाची आहे. सुधारित तेजसची मागणी २०२१ मध्ये ८३ विमानांची व २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची नोंदविली गेली. परंतु अमेरिकेहून यावयाची इंजिने लांबली आणि विमाने खोळंबली. हा अनुभव काय नवा आहे? १९६१ साली झेपावलेल्या ‘मारुत’ची बांधणी उत्तम होती, त्यास साजेसे इंजिन मात्र अखेरपर्यंत लाभले नाही. १९८९ मध्ये मंजूर झालेल्या ‘कावेरी’ इंजिनावर एकही तेजस हवाई दलात दाखल झालेले नाही.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या कारखान्यातील पहिले तेजस आकाशात गेले, याचा महाराष्ट्रास अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण अभिमानाने इंजिन घडत नाही. त्यासाठी धातुशास्त्र, चाचणीची साधने, पैसा आणि अपयश पचविण्याचा धीर लागतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय सरकारने आता तरी सोडावी. तिची किंमत वैमानिक मोजतात, फायली नव्हेत.