विकलेल्या वस्तूवरची मालकी

मोबाईल फोनची बॅटरी घरच्या घरी बदलता आली पाहिजे, ही मागणी चळवळीच्या कार्यक्रमात असावी असे म्हटले की आपल्यापैकी काही साथी हसतात. बेकारी, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची पिळवणूक असे प्रश्न समोर असताना शहरी मध्यमवर्गाच्या खिशातील खेळण्याची चिंता आपण का वाहावी, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल वरवर जहाल वाटतो. वस्तुतः तो श्रमाच्या साधनांत झालेल्या बदलाकडे पाठ फिरवणारा आहे.

आज मोबाईल हे कोणाच्या हातातले साधन आहे? घरोघर जेवण पोचवणाऱ्या तरुणाचे, रिक्षाचालकाचे, आशा कार्यकर्तीचे. दुपारी दोन वाजता बॅटरीने मान टाकली, तर त्या तरुणाची त्या दिवसाची मजुरी तेथेच संपते. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ साली सरकारने दिलेले फोन हजारोंच्या संख्येने सरकारला परत केले. फोन तापतात, बंद पडतात आणि दुरुस्तीचा भुर्दंड तुटपुंज्या मानधनावर पडतो, अशी त्यांची तक्रार होती. त्या आंदोलनाला मध्यमवर्गीय चोचले म्हणण्याचे धाडस कोण करील?

आता मूळ वस्तूकडे पाहू. लिथियम-आयन बॅटरी ही सायकलच्या टायरसारखी झिजणारी वस्तू आहे. साधारणतः पाचशे ते हजार वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. रोज भरावी लागणारी बॅटरी म्हणूनच दोन-तीन वर्षांत थकते. फोनचा पडदा आणि आतील चिप मात्र त्या वेळी धडधाकट असतात. टायर झिजला म्हणून सायकल भंगारात घालणाऱ्यास आपण वेडा ठरवू. परंतु टायर बदलताच येऊ नये अशी सायकल बनवणाऱ्यास मात्र आपण प्रगत तंत्रज्ञानाचा प्रणेता मानतो.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. पाठीमागचे झाकण नखाने उचकटावे, जुनी बॅटरी काढावी, नवी बसवावी. शाळकरी मुलालाही ते जमत असे. आजच्या बहुतेक फोनची बॅटरी घरी बदलावयाची तर काय करावे लागते, ते पाहावे. प्रथम बॅटरी पंचवीस टक्क्यांपेक्षा खाली उतरवावयाची. मग काच उष्णतेने तापवून गोंद मऊ करावयाचा. पातळ पात्याने ती उचलावयाची. केसाएवढ्या नाजूक पट्ट्यांना धक्का न लावता बॅटरीची जोडणी सोडवावयाची. आणि अखेर तळाशी चिकटवलेली बॅटरी न वाकवता, न टोचता सोलून काढावयाची. अ‍ॅपल कंपनीने तर आयफोन ४ च्या काळापासून पाच पाकळ्यांचा स्क्रू वापरात आणला. सामान्य घरातील कोणताही पेचकस त्याला लागत नव्हता. स्क्रूचे काम दोन भाग जोडण्याचे. येथे त्याला मालकाला दूर ठेवण्याचे काम दिले गेले.

यावर कंपन्यांचे समर्थक सुरक्षिततेचा मुद्दा पुढे करतात. बॅटरीला धातूचे टोक लागले तर ती पेट घेते, हे खरे आहे. आतील द्राव ज्वालाग्राही असतो आणि फुगलेल्या बॅटरीला तर घरी हात लावूच नये. परंतु टोक लागण्याची वेळ येते ती गोंदामुळे. जी बॅटरी बोटांनी उचलता येते, तिला पाते घालून सोलण्याची गरजच पडत नाही. इतिहासाचा दाखला पाहावा. २००७ साली नोकियाच्या बीएल-५सी या बॅटरीत दोष आढळला आणि चार कोटी साठ लाख बॅटऱ्यांबाबत कंपनीला इशारा द्यावा लागला. उपाय साधा होता : ग्राहकाने झाकण उघडून क्रमांक पाहावा आणि सदोष बॅटरी बदलून घ्यावी. २०१६ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेटू लागल्या. तेथे बॅटरी आत बंदिस्त होती. म्हणून प्रथम सुमारे पंचवीस लाख फोन सगळेच्या सगळे परत बोलवावे लागले आणि पुढे ते उत्पादनच गुंडाळावे लागले. यांपैकी कोणती रचना अधिक सुरक्षित, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरा युक्तिवाद पाण्याचा. झाकण उघडता आले तर पाणी आत शिरेल, असे सांगितले जाते. त्याच सॅमसंगचा २०१४ सालचा गॅलेक्सी एस ५ हा फोन पाण्याला दाद देत नव्हता आणि त्याची बॅटरी हाताने काढता येत होती. तंत्रज्ञानाला जे २०१४ साली साधले, ते नंतर अशक्य झाले असे मानण्यास काही आधार नाही. ते गैरसोयीचे झाले, इतकेच.

कोणाच्या गैरसोयीचे? याचे उत्तर अर्थशास्त्राने केव्हाच दिले आहे. टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराचा खरा प्रतिस्पर्धी त्याने कालच विकलेला माल असतो, या अर्थाचे विवेचन रोनाल्ड कोस यांनी १९७२ साली केले. कोस हे काही समाजवादी नव्हते. तुमच्या खिशातील जुना फोन चालू राहतो तोवर नव्याला गिऱ्हाईक नाही. म्हणून जुन्याचे आयुष्य आवरते घेणे हा मक्तेदाराचा धंदा बनतो. १९२४ साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी फीबस नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणले, तेही याच न्यायाने.

पुरावा हवा असेल तर तो अ‍ॅपलने स्वतःच दिला आहे. थकलेल्या बॅटरीच्या आयफोनची गती आपण मुद्दाम कमी करतो, अशी कबुली या कंपनीला डिसेंबर २०१७ मध्ये द्यावी लागली. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असे तिचे म्हणणे होते. लोकक्षोभ शमवण्यासाठी तिने २०१८ साली बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. परिणाम काय झाला? जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी भागधारकांना पत्र लिहून विक्रीचा अंदाज खाली आणला आणि त्याच्या कारणांत स्वस्त बॅटरीबदलाचाही उल्लेख केला. बॅटरी स्वस्तात बदलून मिळाली की नवे फोन कमी खपतात, हे भांडवलदाराच्या तोंडूनच ऐकल्यावर आणखी कोणती साक्ष हवी?

आपल्याच छावणीतून येणारा एक आक्षेप अधिक गंभीर आहे. वस्तू अधिक काळ टिकल्या तर कारखान्यातील रोजगार घटेल, असे काही कामगार कार्यकर्ते म्हणतात. नेमका हाच विचार १९३२ च्या मंदीत अमेरिकेतील बर्नार्ड लंडन यांनी मांडला होता : वस्तूंना कायद्याने मरणतिथी ठरवून द्यावी, म्हणजे यंत्रे फिरत राहतील. श्रमिकाने आपलीच मिळकत वेळेपूर्वी भंगारात घालून आपलाच रोजगार विकत घ्यावा, असा हा उफराटा व्यवहार आहे. शिवाय दुरुस्तीत यंत्र कमी आणि माणसाचे श्रम अधिक लागतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेतील टपरीपर्यंत असंख्य तरुण कोणत्याही संस्थेत न शिकता हे कौशल्य कमावून बसले आहेत. कंपनी सुटा भाग देत नाही, रेखाचित्र देत नाही. दुसऱ्याने बॅटरी बसवली तर फोनच्या पडद्यावर इशारा उमटवते. हा हल्ला त्या तरुणांच्या पोटावर आहे.

सरकारचे काय? २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस एक पोर्टल उघडले. पोर्टल म्हणजे हक्क नव्हे. तेथे कंपन्यांनी आपल्या मर्जीने माहिती ठेवावी, इतकीच अपेक्षा आहे. वास्तविक आपल्या देशात मार्ग दाखवलेला आहे : मोटारींचे सुटे भाग व माहिती बाहेरच्या गॅरेजना नाकारल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. जो न्याय मोटारीला, तो फोनला का नको? युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनच्या उत्पादकांवर विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे सुटे भाग पुरवण्याचे बंधन घातले. मात्र त्या नियमात पळवाट आहे : बॅटरी हजार वेळा भरूनही ऐंशी टक्के क्षमता राखत असेल आणि फोन पाण्यात टिकत असेल, तर बॅटरी वापरणाऱ्याच्या हाती देण्याची सक्ती राहत नाही. आपण कायदा घ्यावा, पळवाट घेऊ नये.

लोहियांनी १९५२ साली पंचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला. मोबाईल आकाराने लहान आहे. पण ज्याचे झाकण मालकाला उघडता येत नाही, ते यंत्र लहान असूनही मोठ्यांच्याच ताब्यातले आहे. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. बॅटरी साध्या पेचकसाने, उष्णता व द्रावणाविना काढता आली पाहिजे. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती सात वर्षे सर्वांना वाजवी दरात मिळाली पाहिजे. दुसऱ्याने बसवलेला भाग सॉफ्टवेअरने नाकारण्यास कायद्याने बंदी हवी. आणि सरकारी योजनांसाठी होणारी फोनखरेदी या अटींवरच व्हावी. या शेवटच्या मागणीला नव्या कायद्याचीही वाट पाहावी लागत नाही, निविदेतील एक कलम पुरे. अंगणवाडी व आशा संघटनांतील साथींनी पुढच्या खरेदीपूर्वीच हे कलम लिहून राज्य सरकारच्या टेबलावर ठेवावे. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली आहे, हे सिद्ध करण्याची सुरुवात तेथून होऊ शकते.