शाळेत एक ऐकणारं माणूस हवं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमधल्या मुलांचा दिवस घड्याळापेक्षा बापाच्या शिफ्टवर जास्त चालतो. बाबांची नाईट असली की सकाळी घरात कुजबुजत बोलायचं, टीव्हीला हात लावायचा नाही, ताट पडलं तरी आई डोळे वटारणार. फस्ट असली की सगळं घर पहाटे उठणार. सेकंड असली की आठवडाभर बाप-लेकाची गाठच पडत नाही. मुलगा शाळेतून येतो तेव्हा बाप खाणीवर गेलेला असतो आणि बाप परततो तेव्हा मुलगा झोपलेला. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) क्वार्टरमध्ये हेच, सिमेंट आणि लोखंडाच्या कारखान्यात जाणाऱ्यांच्या घरीही हेच. ठेकेदारीत काम करणाऱ्याच्या घरात वर आणखी एक घोर असतो, की पुढच्या महिन्यात काम राहील की नाही. तो घोर कुणी मुलांना सांगत नाही, पण मुलांना तो कळतो.

यातली बहुतेक मुलं चांगली वाढतात, हेही खरं. घुग्घुसची पोरं चिवट आहेत. एकाच वर्गात मराठी, तेलुगू, हिंदी घरांतली मुलं बसतात आणि महिनाभरात एकमेकांच्या भाषेत भांडायला लागतात. मला काळजी वाटते ती त्या वर्गातल्या तीन-चार जणांची, ज्यांच्या मनात काहीतरी अडकलेलं असतं आणि ते बाहेर काढायला शाळेत त्यांचं असं कुणी नसतं.

तीन-चार हा आकडा अंदाजपंचे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली मुलं वेगळ्या मातीची आहेत असं मानायला काही कारण नाही. पन्नासाच्या वर्गात ही तीन-चार मुलं होतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आयुष्यात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. चौदा वर्षं म्हणजे आठवी-नववी. आपण मात्र दहावीचा निकाल लागला की जागे होतो.

आपल्याला ते दिसत नाही याचं एक कारण आहे. मन बिघडलं की माणूस रडतो, गप्प बसतो, अशी आपली समजूत. मुलांचं मात्र पोट दुखतं. डोकं दुखतं. मुलगा चिडका होतो, कुणालाही मारून बसतो, वह्या हरवतो. मुलगी एकाएकी मैत्रिणींत बसेनाशी होते. काही मुलं तंबाखूचा खर्रा खायला शिकतात, आणि तेव्हा आपण फक्त खर्ऱ्यावर रागावतो. हे दुखणं ढोंग नसतं. ताणानं पोटात खरोखर कळ येते, झोप खरोखर उडते. "काही नाही झालं याले, शाळा बुडवाचे बहाणे आहेत," असं म्हणून आपण त्याचं तोंड कायमचं बंद करतो.

आठवीतल्या एका मुलाची गोष्ट मी जवळून पाहिली आहे. दर सोमवारी दुसऱ्या तासाला तो उभा राहायचा. "सर, पोट दुखून राहिलं." सरांनी आधी ओव्याचं पाणी दिलं, मग गोळी दिली, मग घरी सोडलं, शेवटी रागावले. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच झालं असतं. साठ मुलांचा वर्ग, त्यात परीक्षा तोंडावर. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली. हा पोरगा सोमवारी ताट घेतो, भात चिवडतो आणि तसाच ठेवून देतो. मंगळवारी मात्र दोनदा वाढून घेतो. त्या काही बोलल्या नाहीत. एका सोमवारी त्यांनी त्याला वाटाणे निवडायला जवळ बसवलं. अर्धी परात निवडून झाली तेव्हा तो खाली बघतच म्हणाला, "काल पुन्हा झालं घरी." बापाला रविवारी सुटी असायची. रविवारी दारू, रात्री मारझोड, आणि सोमवारी सकाळी आईला एकटं टाकून शाळेत यायची भीती. त्याच्या पोटात दुखायचं ते हे.

मावशींनी त्याला उपदेश केला नाही. "आई आत्ता कुठं आहे?" एवढंच विचारलं. मग त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या, आणि पुढे मुलाच्या मामाला बोलावून मार्ग निघाला. मावशींनी मानसशास्त्राचं पुस्तक कधी पाहिलेलं नाही. त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी सरांकडे नव्हती: त्यांना त्याला मार्क द्यायचे नव्हते, आणि वाटाणे निवडून होईपर्यंत त्यांना कुठे जायचं नव्हतं.

एका मावशीच्या चांगुलपणावरून मी मोठा निष्कर्ष काढते आहे असं वाटेल. पण बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात 'सेहर' नावाचा एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. गोव्याच्या 'संगत' संस्थेतले संशोधक त्यामागे होते. सुमारे ७५ सरकारी माध्यमिक शाळा निवडल्या. काही शाळांत मानसिक आरोग्याचा कार्यक्रम तिथल्याच शिक्षकानं चालवला. काही शाळांत तोच कार्यक्रम चालवायला बाहेरचं एक माणूस नेमलं, ज्याच्याकडे समुपदेशनाची पदवी नव्हती, फक्त प्रशिक्षण होतं. कार्यक्रम साधाच होता: शाळेत एक पेटी, तिच्यात मुलांनी मनातलं लिहून टाकायचं, भित्तिपत्रक, गटात चर्चा, आणि ज्याला बोलायचं असेल त्याच्याशी एकट्यानं बोलणं. नेमलेल्या माणसाच्या शाळांमध्ये मुलांचं नैराश्य कमी झालं, दादागिरी आणि मारामारी कमी झाली, शाळा आपली वाटू लागली. जिथे शिक्षकानं कार्यक्रम चालवला तिथे काहीच फरक पडला नाही.

हा निष्कर्ष शिक्षकांवर ठपका म्हणून वाचू नये. आमच्याकडच्या कुठल्याही गुरुजींना विचारा. मतदार यादीचं काम त्यांच्याकडे, सर्वेक्षण त्यांच्याकडे, आहाराचा हिशेब त्यांच्याकडे, रोजची ऑनलाइन माहिती त्यांच्याकडे. २०२० पासून केंद्राच्या शाळा आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक 'आरोग्यदूत' होणार असं ठरलं. त्यांनी शिकवायच्या अकरा विषयांत मानसिक आरोग्यही आहे. कागद उत्तम आहे. पण ज्या हातांत आधीच दहा पिशव्या आहेत त्यांतच अकरावी अडकवायची, ही आपली जुनी सवय. शिवाय जे सर गणिताचा पेपर तपासतात त्यांनाच मूल सांगेल का, की मला गणिताची भीती वाटते?

शाळेत डॉक्टरांचं पथक येतं, तेही सांगायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाडीतून मंडळी येतात, दात बघतात, डोळे बघतात, रक्त कमी असेल तर गोळ्या लिहून देतात. त्यांच्या यादीत शिकण्यातल्या आणि वागण्यातल्या अडचणीही आहेत. पण रांगेत उभ्या मुलाला जीभ दाखवायला जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात कुणी मन दाखवत नाही.

आणि घुग्घुससारख्या गावात मुलांच्या मनावर येणारं सगळंच काही घरातून येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत खाण. मग आसपासची दीडशेच्या वर कुटुंबं हलवावी लागली. भाडं किती, पुनर्वसन कुठं, जबाबदारी कुणाची, यावर पुष्कळ बोललं गेलं आणि ते आवश्यकच होतं. पण पायाखालची जमीन घर गिळते हे ज्या मुलांनी सहाव्या-सातव्या वर्षी पाहिलं, त्यांच्याशी कोण बोललं? भूकंप, पूर, आग यांनंतर मुलं रात्री दचकून उठतात, आईला सोडत नाहीत, पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत कुणी शांतपणे त्यांच्यासोबत बसलं, खेळ आणि शाळा लवकर सुरू झाली, काय घडलं ते त्यांच्या वयाला समजेल असं खरं सांगितलं, तर त्यातली बहुतेक सावरतात. ते काम शाळेतल्या एका माणसाकडे नेमून दिलेलं असतं तर कुणाची वाट बघावी लागली नसती.

आणि हा प्रश्न एकट्या घुग्घुसचा नाही. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यात सर्वांत जास्त, १,७६४, महाराष्ट्रातले. विशाखापट्टणमला वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयानं देशभरातल्या शिक्षणसंस्थांना बंधनकारक अशी तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे बाल-किशोर मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी पक्कं नातं जोडायचं. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. घुग्घुसमधल्या कितीतरी शाळांचा पट शंभराच्या वर आहे.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न इतर गावांनी विचारला तर समजू शकतं. आपण कसा विचारणार? खनिज काढणाऱ्यांच्या रॉयल्टीवरचा ठरावीक वाटा जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होतो. खाणीमुळे ज्यांचं आयुष्य बदललं त्यांच्यासाठीच तो निधी आहे, आणि आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण ही त्यातली अग्रक्रमाची खाती आहेत. कोळसा आपल्या पायाखालून जातो. त्या पैशातून सभामंडप आणि कमानी होत असतील तर शाळेमागे एका माणसाचा पगार नक्कीच होतो. आपल्या गावातली पदवीधर मुलगी किंवा मुलगा, तेलुगू-हिंदी येणारा, नीट प्रशिक्षण दिलेला. ज्याला त्याहून जास्त मदत लागेल अशा मुलाला चंद्रपूरच्या मानसोपचार तज्ज्ञांपर्यंत पोहोचवणं हेही त्याचंच काम. अंतर पंचवीसेक किलोमीटरचं, पण नुसती एस.टी. आहे एवढ्यानं कुणी जात नाही. सोबत कुणी असलं तर जातं. आजही "डोक्याच्या डॉक्टरकडे" म्हटलं की घरच्यांना नागपूरचं मनोरुग्णालयच डोळ्यांसमोर दिसतं आणि पाय मागे येतो.

अवघड विषयावर मुलांशी बोलता येत नाही, असं मला कुणी सांगू नये. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान'च्या शिबिरांतून मुलामुलींशी शरीर, आकर्षण, लग्न, नाती यांवर वर्षानुवर्षं मोकळं बोलून दाखवलं. तिथं ते होतं, तर इथं भीती आणि उदासीवर बोलणं का होऊ नये?

माणूस नेमला जाईपर्यंत घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिली: मूल खूप दिवस हरवल्यासारखं वागत असेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलत असेल, तर घाबरून विषय बदलू नका. "तुला जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ, प्रेमानं विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणाला तरी कळलं म्हणून मूल मोकळं होतं. मग त्याला एकटं सोडू नका आणि मदत मागा. दुसरी: ज्यांची शेती आहे त्यांनी कपाशीवर फवारायचं औषध घरात, खाटेखाली ठेवू नये, कुलपात ठेवावं आणि किल्ली मोठ्यांकडे असावी. मनात आलेला तो क्षण अनेकदा थोड्या वेळात ओसरतो, आणि त्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. श्रीलंकेत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आल्यावर आत्महत्यांचं प्रमाण कितीतरी खाली आलं.

अशी मदत मागायला टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. शाळेच्या भिंतीवर थोर पुरुषांची वचनं रंगवलेली असतात, त्यांच्याखाली हा नंबर मुलांच्या उंचीला येईल असा रंगवायला पेंटरला अर्धा तास पुरेल. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी एक ठराव मांडावा: आमच्या शाळेला खनिज निधीतून पूर्णवेळ समुपदेशक द्या. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे, एक नगर परिषदेकडे, आणि एक आपल्याकडे जपून ठेवावी, पाठपुरावा करायला.