बायबरीची घरे आणि घरांतली माणसे

लंडनहून एका दिवसाच्या सहलीने कॉट्सवोल्ड्स या ग्रामीण पट्ट्यात येणाऱ्यांची, आणि त्यांत मुलाकडे आलेले पुण्या-मुंबईचे आईवडीलही असतात, अशी समजूत होते की तिथल्या बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही दगडी घरांची ओळ शतकानुशतके कोणीतरी मुद्दाम जपली. 1380 च्या सुमारास मठाचे लोकरीचे कोठार म्हणून बांधलेली ही वास्तू 17 व्या शतकात विणकरांच्या घरांत विभागली गेली. समोर बदके हिंडतात त्या पाणथळ कुरणाला अजूनही ‘रॅक आयल’ म्हणतात, कारण धुतलेले कापड तिथे लाकडी चौकटींवर ताणून वाळवत. पुढे कापडधंदा कोळशाजवळच्या यॉर्कशायरच्या गिरण्यांकडे सरकला आणि जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा अशा गावांत उरला नाही. म्हणजे हे देखणेपण बऱ्याच अंशी गरिबीने राखले.

आता ते काम कायदा करतो. 1966 पासून संरक्षित असलेल्या, सुमारे 2,000 चौरस किलोमीटरच्या या पट्ट्यात नवे बांधकाम अवघड आहे. वारसा यादीतल्या घराची खिडकी बदलायलाही परवानगी लागते. घरांचा पुरवठा असा जवळपास गोठलेला असताना मागणी लंडनच्या पगारांवर आणि सुट्टीतल्या भाड्यांवर पोसली जाते, तेव्हा किंमत स्थानिक मिळकतीशी फारकत घेते. तरुण कुटुंबे बाहेर पडली की शाळेचा पट घटतो, बसफेरी परवडेनाशी होते, आणि त्यामुळे उरलेल्यांचे राहणेही कठीण होते. एप्रिल 2025 पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना दुसऱ्या घरावर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावता येतो. पण तेच घर वर्षात 140 दिवस भाड्यासाठी खुले ठेवले आणि 70 दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेले, तर त्याची गणना व्यवसायात होते, आणि लहान व्यवसायाच्या सवलतीत व्यवसायावरचा मालमत्ता करही अनेकदा माफ होतो. रिकाम्या घराला दंड आणि पाहुण्यांच्या घराला सूट, असा हा हिशेब आहे.

दिवसाची गर्दी हा त्यामानाने वरवरचा प्रश्न. अर्ध्या तासाच्या थांब्यात खर्च होतो एखाद्या कॉफीचा, भार मात्र रस्त्यावर पूर्ण पडतो. 2025 मध्ये बायबरीच्या मध्यभागी मोठ्या बसच्या थांब्यांवर प्रायोगिक निर्बंध आले. ते योग्यच, पण नियंत्रण गावापुरतेच राहिले तर त्याच बस बोर्टन-ऑन-द-वॉटरसारख्या शेजारच्या गावांकडे वळण्याची शक्यता अधिक.

आर्लिंग्टन रोमधले एक घर आज सुट्टीसाठी भाड्याने मिळते. बाकीच्यांत भाडेकरू राहतात, आणि त्यांच्या बंद दारांसमोरून फोटो काढणाऱ्यांची रांग सरकत असते.