चोर सोडून डिस्कला सुळी

एका पतसंस्थेच्या सर्व्हरमधून चार महिन्यांत तीन हार्ड डिस्क काढून भंगारात टाकल्या गेल्या. त्या तिन्ही मी नंतर तपासल्या. एकीवरही खराब सेक्टर सापडला नाही. दोष होता स्टोरेज कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये. तो आठ वर्षं जुना होता आणि बदलायला एक रुपयाही लागणार नव्हता. वीस वर्षं मी सर्व्हर सांभाळून पोट भरतोय, म्हणून माझ्याच धंद्यातल्या लोकांना तोंडावर सांगतो: याला तांत्रिक बिघाड म्हणू नका. हा कामचुकारपणा आहे.

महिन्याची पहिली तारीख, काउंटरसमोर पेन्शनवाल्यांची रांग. मध्येच सगळे स्क्रीन गोठायचे आणि मिनिटभराने आपोआप चालू व्हायचे. दिवसातून पंधरा-वीस वेळा. "थांबा आजोबा, सर्व्हर अडकलाय," असं काउंटरवरच्या मॅडम सांगायच्या आणि काठी टेकत आलेला माणूस भिंतीचा आधार घ्यायचा. एएमसीचा इंजिनिअर आला, त्याने एक डिस्क बदलली. मग दुसरी, मग तिसरी. शेवटी "सर, सर्व्हरचंच वय झालंय" म्हणत त्याने नव्या सर्व्हरचं कोटेशन टेबलावर ठेवलं. या चार महिन्यांत विंडोजचा सिस्टिम लॉग कुणी उघडलाच नव्हता. मी उघडला, तर इव्हेंट क्रमांक 129 शेकडो वेळा नोंदलेला. प्रत्येक नोंदीत एकच मजकूर: डिव्हाइसला रीसेट दिला.

एवढ्या एका ओळीत सगळं निदान होतं. डिस्ककडे मागणी गेली की विंडोजचा स्टोरपोर्ट हा भाग घड्याळ लावतो. मुदत साधारणपणे 60 सेकंदांची. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर तो रीसेट देतो, अडकलेल्या मागण्या पुन्हा पाठवल्या जातात आणि काम पुढे सरकतं. या सर्व्हरमध्ये आदल्या वर्षी कंट्रोलरचं कार्ड बदललं होतं. कार्डासोबत फर्मवेअर नवं आलं, ड्रायव्हर मात्र जुनाच राहिला. गर्दीच्या वेळी दोघांचं जुळेना. डिस्क आपलं काम करत होती, पण काम झाल्याचा निरोप ड्रायव्हरपर्यंत पोचत नव्हता. मग सगळी पतसंस्था त्या निरोपाची वाट बघत साठ सेकंद ताटकळायची.

मरायला टेकलेली डिस्क सहसा असं घड्याळ लावून अडत नाही. ती मागे खुणा ठेवते: बदली केलेले सेक्टर, वाचनाच्या चुका, लॉगमध्ये खराब ब्लॉक सांगणारा इव्हेंट 7. इथे यातलं काहीच नव्हतं. त्यात कुणीतरी शहाणपण करून रजिस्ट्रीतली मुदत 60 वरून 120 केली होती. त्या दिवसापासून स्क्रीन दोन-दोन मिनिटं गोठू लागले. याहून उघड पुरावा कोणता हवा? मुदत दुप्पट केली आणि खोळंबा दुप्पट झाला. मुदत वाढवणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरवरचे आकडे खोडणं.

निरोगी डिस्क काढणं हा निव्वळ खर्चाचा प्रश्नही नाही. सर्व्हर रेड 5 वर होता. एक डिस्क काढली की रीबिल्ड संपेपर्यंत तासन्‌तास सगळा डेटा बिनआधार उभा असतो. त्या वेळात दुसरी डिस्क गेली असती, तर हजारो ठेवीदारांच्या नोंदी गेल्या असत्या. हा धोका तीनदा पत्करला गेला, तोही अंदाजावर.

"आम्ही ड्रायव्हर तपासला होता," असं मला सांगण्यात आलं. काय तपासलं? डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेटचं बटण दाबलं, 'सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे' असं उत्तर आलं आणि खिडकी बंद केली. त्या वाक्याचा अर्थ इतकाच, की विंडोजला शोधून याहून चांगला मिळाला नाही. कंट्रोलर बनवणाऱ्याकडे नवा आहे की नाही, हे ते वाक्य सांगत नाही. तारखेवरही विसंबू नका. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या कित्येक ड्रायव्हरवर 21 जून 2006 हीच तारीख मुद्दाम घातलेली असते, म्हणजे उत्पादकाचा ड्रायव्हर त्याच्या वरचढ ठरावा. बघायचा तो आवृत्तीचा क्रमांक, आणि तो फर्मवेअरशी जुळतो का ते.

यावर आमच्या धंद्यातलं ठरलेलं उत्तर येतं: चालतंय तोवर हात लावू नका. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने 2019 मध्ये जाहीर केलं, की त्यांच्या काही एसएसडी 32,768 तास चालल्या की बंद पडतील आणि आतला डेटा परत मिळणार नाही. म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस आणि 8 तास. उपाय एकच, नवं फर्मवेअर. ज्यांनी हात लावला नाही, त्यांची एसएसडीही शेवटच्या तासापर्यंत छान चाललीच असती.

अपडेटने घात होतो, हेही खरं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक आडवे झाले. त्यातून धडा घ्यायचा तो असा, की अपडेट आधी एका यंत्रावर लावून बघावं, बॅकअप उघडून खात्री करावी, परतीची वाट मोकळी ठेवावी आणि मगच बाकीच्यांना हात घालावा. आठ वर्षं स्वस्थ बसायची परवानगी त्यातून मिळत नाही.

त्या पतसंस्थेत मी रविवारी गेलो. बॅकअप तपासला, फर्मवेअरला जुळणारा ड्रायव्हर घातला, मुदत पुन्हा 60 केली, सर्व्हर रीस्टार्ट केला. चाळीस मिनिटांत काम संपलं. पुढच्या पहिल्या तारखेला दिवसभर रांग होती, पण लॉगमध्ये 129 एकदाही आला नाही.

म्हणून संचालकांना माझं सांगणं आहे. डिस्कच्या बिलावर सही करण्यापूर्वी तीन कागद मागा: सिस्टिम लॉगची प्रत, कंट्रोलरच्या फर्मवेअरची आवृत्ती आणि ड्रायव्हरची आवृत्ती. ज्याला ते देता येत नाहीत, त्याने निदान केलेलंच नाही. त्याचं बिल परत पाठवा.