‘तिलावा’ची चांदी

मुदखेडाहून निजामाबादेकडे जाणारी आगगाडी बासरजवळ गोदावरी ओलांडूं लागली म्हणजे डब्यांतील वृद्ध मंडळी खिडकींतून नाणें टाकून हात जोडतात. परवां आमच्या नातवानें विचारलें, “आजोबा, हे पैसे मग कोणाचे?” प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. असाच एक वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयांत गेला होता, आणि त्याचें मूळ मुंबई बंदरांत होतें.

दुसऱ्या महायुद्धांत, २० नोव्हेंबर १९४२ रोजीं, ब्रिटिश इंडिया कंपनीचें ‘तिलावा’ जहाज मुंबईहून आफ्रिकेकडे निघालें. उतारू व खलाशी मिळून ९५८ माणसें होतीं. उतारू बहुतेक भारतीय, पोटापाण्यासाठीं परदेशीं जाणारे. जहाजाच्या पोटांत चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें त्या नाणीं पाडण्यासाठीं घेतल्या होत्या. तेवीस तारखेच्या रात्रीं, सेशेल्स बेटांच्या ईशान्येस, जपानच्या ‘आय-२९’ पाणबुडीचा पाणतीर जहाजास लागला. होड्या सोडण्याची धांदल उडाली. कांहीं वेळानें दुसरा लागला, आणि जहाज बुडालें. २८० जीव गेले. उरलेल्यांस दोन दिवसांनीं युद्धनौकेनें उचलून मुंबईस आणलें.

याच ‘आय-२९’नें एप्रिल १९४३ मध्यें नेताजींना जर्मन पाणबुडीवरून उतरवून घेतलें. ही दुसरी हकीकत वर्गांत सांगतांना माझा ऊर भरून येई. पहिली मला ठाऊकच नव्हती, आणि मीं हाताळलेल्या पाठ्यपुस्तकांतही ती नव्हती.

हल्लीं हौशी मंडळी पाठीवर दाबलेल्या हवेचें नळकांडें बांधून बुडालेलीं जहाजें पाहावयास जातात. तांबड्या समुद्रांत १९४१ सालीं जर्मन विमानांनीं बुडविलेलें ‘थिसलगॉर्म’ अवघ्या तीस मीटरांवर आहे. त्यांतील मोटारसायकली व मालमोटारी अजून ओळखूं येतात. मात्र गंजलेल्या सांगाड्यास होड्यांचे दोर बांधून बांधून त्याचे कांहीं भाग निखळले आहेत. प्रेक्षकांचीच ही कृपा! पण हौशी पाणबुड्याची मर्यादा चाळीस मीटर. त्याखालीं त्याच हवेंतील नायट्रोजन मद्यासारखी भूल घालतो.

‘तिलावा’ अडीच हजार मीटर खोल आहे. तेथें पाण्याचा दाब वरच्या हवेच्या अडीचशें पट. मनुष्य जाणें अशक्य. म्हणून २०१७ सालीं एका इंग्रज कंपनीनें वरून चालविलेलीं यंत्रें धाडून लगडी काढल्या व साउदॅम्प्टनला नेल्या. समुद्रांतून माल वांचविणाऱ्यास मोबदला मिळावा, हा दर्यावर्दी कायद्याचा जुना संकेत. त्यावर कंपनीनें दावा लावला. दक्षिण आफ्रिका म्हणाली, चांदी आमची. आणि आमच्यावर तुमच्या न्यायालयांत दावा चालत नाहीं. ८ मे २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें मान्य केलें: चांदी व्यापारी उपयोगांत नव्हती, म्हणून परराष्ट्रास असलेली मुभा तिलाही लागू. उभय पक्षांची तडजोड आधींच झाली होती, तरी न्यायाधीशांनीं निकाल दिला.

निकालपत्रांतील वाद चांदीपुरता. मृतांचा त्यांत पक्षकार कोण असणार? युनेस्कोचा २००१ चा करार बुडालेल्या जहाजांस संरक्षण देऊं पाहतो, पण शंभर वर्षें पाण्याखालीं गेलेल्यांस. ‘तिलावा’ त्या वयास २०४२ सालीं पोंचेल.

नातवास एवढें सांगितलें. चांदीस धनी मिळाला हें त्याला पटलें. मग त्यानें विचारलें, “आणि माणसें?” तीं तेथेंच आहेत, असें म्हणालों.